कोटवाल्याचा दिवा

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी घरोघर यमासाठी कणकेचा एक दिवा लागतो. आमच्या घरी दोन लागत. अंबरनाथच्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. त्यांच्यापुढच्या ओट्यावर दक्षिणेकडे वाती करून आजी हे दोन दिवे ठेवी आणि हात जोडून क्षणभर उभी राही. आजीला आम्ही सगळे माई म्हणत असू. मी नऊ-दहा वर्षांचा असताना एकदा तिला विचारले, "माई, यम तर एकच आहे ना? मग दिवे दोन कशाला?"

"एक आपल्या माणसांसाठी," माई म्हणाली, "आणि दुसरा कोटवाल्यासाठी."

"कोटवाला कोण?"

"मला काय ठाऊक! ठाऊक असता तर त्याच्या नावाने नसता लावला?"

माईच्या दिवाळीत आणखी एक गोष्ट वेगळी होती. भाऊबीजेच्या संध्याकाळी सगळ्या बायका भावांना ओवाळीत, आणि माई अंगणात जाऊन चंद्राला ओवाळी. तिला भाऊच नव्हता, अशी माझी समजूत होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे कळायला मला वयाची पंचेचाळीस वर्षे आणि एक फाटका कोट लागला. त्या कोटाचीच ही हकीकत.

आमच्या आजोबांना सारे आप्पा म्हणत. ते अंबरनाथच्या काड्यापेट्यांच्या कारखान्यात कामाला होते. १९४७ च्या हिवाळ्यात रात्रपाळीला जाताना थंडी फार वाजते म्हणून त्यांनी कल्याणच्या बाजारातून एक कोट विकत आणला. बाहेरून फिकट शेवाळी रंगाचे दाट विणीचे सुती कापड, आतून लोकरीचे अस्तर, पुढे दातेरी साखळी आणि त्या साखळीवर पुन्हा बटणांची रांग, असा तो थाट होता. कोट अमेरिकन लष्कराचा आहे, असे विकणाऱ्याने सांगितले होते. आप्पांना त्याचे भूषण वाटले; माईला धसका बसला. "अहो, कुणा मेलेल्या शिपायाचे कापड घरात आणलेत!" असे म्हणून तिने तो उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. शेवटी तह झाला. कोट दाराबाहेरच्या खुंटीवर राहील, वेगळा धुतला जाईल, आणि धनत्रयोदशीला कोटवाल्याच्या नावे एक दिवा लागेल. आप्पांनी तो कोट वीस-पंचवीस हिवाळे वापरला. माईने दिवा मात्र शेवटपर्यंत चालवला.

आता अमेरिकन शिपायाचा कोट कल्याणच्या बाजारात कसा आला, असे कुणी विचारील. दुसऱ्या महायुद्धात चीन, ब्रह्मदेश आणि भारत अशी अमेरिकन सैन्याची एक स्वतंत्र आघाडी होती. कितीतरी अमेरिकन तुकड्या मुंबई बंदरात उतरत आणि आगगाडीने देश ओलांडून आसामकडे रवाना होत. तिकडे लेडोहून ब्रह्मदेशातून चीनपर्यंत रस्ता काढण्याचे काम १९४२ च्या डिसेंबरात सुरू झाले. त्यावर राबणाऱ्या अमेरिकन सैनिकांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. १९४५ च्या फेब्रुवारीत मोटारींचा पहिला तांडा त्या वाटेने चीनमधल्या कुनमिंगला पोहोचला. तोवर सारी रसद विमानांनी हिमालयाच्या पूर्वेकडील रांगा ओलांडून जात असे, आणि त्या उड्डाणांत दीड हजारांहून अधिक माणसे कामी आली वा बेपत्ता झाली. युद्ध संपले, सैनिक घरी गेले, पण माल परत नेणे परवडणारे नव्हते. १९४६ साली झालेल्या करारान्वये भारतातला उरलासुरला अमेरिकन माल भारत सरकारकडे आला आणि मग तो 'डिस्पोजल'च्या नावाने बाजारात फुटला. जीपगाड्यांपासून घोंगड्यांपर्यंत आणि पाण्याच्या बाटल्यांपासून कोटांपर्यंत काय वाटेल ते त्या काळी मिळे.

आप्पा माझ्या जन्माआधीच वारले. माई १९९० साली गेली. पुढे आम्ही बदलापूरला बिऱ्हाड हलवले आणि कोट एका पत्र्याच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांसोबत पडून राहिला. २६ जुलै २००५ च्या त्या पावसात उल्हास नदी पात्र सोडून वस्तीत आली, तेव्हा तळमजल्यावरच्या आमच्या खोलीत कमरेएवढे पाणी चढले. ट्रंक दुसऱ्या दिवशी उघडली. कागद, पुस्तके, फोटो यांचा लगदा झाला होता. कोट मात्र पिळून वाळत घातला आणि चार दिवसांत पूर्ववत झाला. फक्त गळ्याशी शिवलेली त्याची छापील चिठ्ठी पार पुसली गेली. पण तिच्याच खाली अस्तरावर काळ्या शाईत उमटवलेले एक इंग्रजी अक्षर आणि चार आकडे जसेच्या तसे होते. अक्षर होते 'एच'. आकडे मी इथे देत नाही. का ते पुढे कळेल.

हा कुठल्यातरी गुदामाचा नंबर असावा, असे समजून मी दहा वर्षे स्वस्थ होतो. मी मराठी शिकवणारा माणूस. लष्करी पोशाखाशी माझा संबंध नाटकातल्या शिपायापुरता. पण एकदा वाचनात आले की, जुने अमेरिकन लष्करी पोशाख जमवणारे शौकीन जगभर आहेत, आणि त्यांच्यातले काहीजण नुसते कपडे जमवून थांबत नाहीत. कपडा कुणाच्या अंगावरचा, त्या माणसाचे पुढे काय झाले, याचा शोध घेतात. त्यांची पहिली वाट म्हणजे हा शाईचा छाप. त्या सैन्यात प्रत्येक शिपायाच्या कपड्यावर त्याच्या आडनावाचे पहिले अक्षर आणि त्याच्या लष्करी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे उमटवीत, म्हणजे सामुदायिक धुलाईतून ज्याचा कपडा त्याला परत मिळे. वाचकहो, हे वाचून मी कपाळावर हात मारून घेतला. मुंबईच्या परटाची खूण आपल्या प्रत्येक सदऱ्याच्या कॉलरमागे असे, ती काय वेगळी? ज्याला मी दहा वर्षे गुदामाचा नंबर समजत होतो, ती एका माणसाची धोबीखूण होती.

तरीही पुढे काही हालचाल झाली नाही. संसारी माणसाचे संशोधन असेच चालते. मात्र अलीकडे एका दिवाळीच्या आधीच्या साफसफाईत कोटाची बाही खांद्याशी उसवलेली दिसली, आणि सौ.ने सरळ विचारले, "हा नीट करून घेणार आहात, की बोहारणीला देऊ?" तेव्हा मी कोट पिशवीत घातला आणि आश्विनातल्या एका रविवारी सकाळी बदलापूर स्टेशन गाठले.

बदलापूर म्हणजे पूर्वी घोडे बदलण्याचे ठिकाण, म्हणून हे नाव, असे इथे कुणीही सांगेल. आता इथे घोडे नाहीत, पण बदलापूरकर दिवसातून दोनदा धावतो खरा. पहाटेच्या लोकलसाठी एकदा आणि रात्री रिक्षासाठी एकदा. पावसाळ्यात उल्हास नदी मनात आणील तर गाडीचेही काही चालत नाही. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि हजारभर उतारूंना होड्यांनी बाहेर काढावे लागले, हे आपण वाचले असेलच. रविवारची गाडी मात्र रिकामी होती. अंबरनाथ मागे टाकून मी उल्हासनगरला उतरलो.

उल्हासनगरला जाणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे गाव नदीच्या नावाने ओळखले जाते, पण ते वसले बराकींत. महायुद्धात इथे कल्याणची लष्करी छावणी होती. दोन हजारांच्या वर बराकी होत्या. युद्ध संपल्यावर छावणी ओस पडली, आणि वर्ष-दोन वर्षांत फाळणी झाली. सिंध सोडून आलेल्या हजारो कुटुंबांना सरकारने या रिकाम्या बराकींत आणून उतरवले. शिपायांसाठी बांधलेल्या लांबच लांब दालनांत गोणपाटाचे पडदे लावून एकेका पडद्यामागे एकेक संसार थाटला गेला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली आणि 'कल्याण कॅम्प'चे उल्हासनगर झाले. कागदोपत्री झाले इतकेच. कारण गावाचे भाग आजही कॅम्प एक ते कॅम्प पाच याच नावांनी ओळखले जातात आणि कितीतरी पत्त्यांवर अजून बराकीचा नंबर असतो. शिपायाला नंबर, बराकीला नंबर, निर्वासिताच्या कार्डालाही नंबर. माणसाला नाव परत मिळवायला किती वर्षे लागतात, हे या गावाला विचारावे.

आणि या गावाने ते मिळवले. पापड, मिठाई, पेन, कापड, काय वाटेल ते आगगाडीत विकून ही माणसे उभी राहिली. पुढे इथे फर्निचर आले, विजेची उपकरणे आली, जीन्स आली. 'मेड इन यू.एस.ए.' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद आपण सर्वांनी केला आहे. तो करताना आपल्या अंगावरची विजार कुठे शिवलेली आहे, हे मात्र आपण पाहिलेले नसते. खऱ्या यू.एस.ए.चा कोट काखोटीला मारून त्या जीन्सच्या दुकानांवरून जाताना मला शब्दांची गंमत वाटत होती. अमेरिकन आरमारातल्या खलाशांच्या निळ्या कामकरी कपड्यांना 'डंगरीज' म्हणत. कोशकार हा शब्द मुंबईच्या डोंगरीपर्यंत आणून सोडतात. तिथे मिळणारे जाडेभरडे कापड ते डंगरी. 'खाकी'च्या मुळाशी फारसी-उर्दूतली 'खाक', म्हणजे धूळ. पहिल्या महायुद्धात अमेरिकन शिपाई पायांना ज्या 'पटीज' गुंडाळीत, ती आपली पट्टी. गळ्याला बांधायचा 'बँडाना' आपल्या बांधणीच्या कुळातला. म्हणजे अमेरिकन शिपाई पायांपासून गळ्यापर्यंत आपलेच शब्द लेऊन हिंडत होता. आपण मात्र त्याचा कोट परका म्हणून उंबऱ्याबाहेर टांगला.

कॅम्प दोनमधल्या एका गल्लीत एक वृद्ध शिंपी आहेत. रफूच्या कामात त्यांचा हात धरणारा नाही, असे माझ्या एका विद्यार्थ्याने सांगितले होते. दुकान म्हणजे एक यंत्र, एक बाकडे आणि झूलेलालची तसबीर. त्यांनी आधी पापड आणि पाणी पुढे केले, मग कोट हातात घेतला. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तो उलटा केला आणि बोटांनी शिवणी चाचपीत चालले. डॉक्टर नाडी पाहतो तसे. बऱ्याच वेळाने म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, हा कोट दोन माणसांचा आहे."

"म्हणजे?"

"पहिला उंच होता. यंत्राची शिवण त्याची. दुसरा बुटका. त्याच्यासाठी बाह्या आत घेतल्या आहेत, हाताने. बाईमाणसाचा हात आहे, शिंप्याचा नाही. शिंपी एवढे बारीक टाके घालत नाही. त्याला परवडत नाही."

मग त्यांनी डाव्या बाहीचा खांदा उजेडाकडे धरला. तिथे ढालीच्या आकाराचा एक तुकडा बाकीच्या कापडापेक्षा गडद होता आणि त्याच्या कडेने सुईच्या भोकांची रांग होती. "इथे बिल्ला होता. ओढून काढलेला नाही. एकेक टाका आतून कापून काढला आहे. काढणाऱ्याला कापडाची दया होती."

शेवटी त्यांचा हात डाव्या छातीशी अस्तरावर थांबला. तिथे आत एक जाडसर ठिगळ आहे, हे मला ठाऊक होते; कापड विरले असेल म्हणून लावले असावे, असे मी धरून चाललो होतो. ते म्हणाले, "साईं, ठिगळ फाटक्यावर लावतात. इथे बाहेरचे कापड धड आहे. उघडू का?" मी मान डोलावली. त्यांनी पात्याच्या टोकाने चार टाके कापले आणि दोन बोटांनी एक ढालीच्या आकाराचा बिल्ला बाहेर काढला. खाली लाल-पांढरे पट्टे, वर निळी पट्टी; निळ्या पट्टीत एका बाजूला चीनचा बारा किरणांचा सूर्य आणि दुसऱ्या बाजूला भारताचा तारा. चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीची ती खूण होती. शिंप्यांनी ती उलटी करून पाहिली आणि हसले. "भरतकाम आपल्याकडचे आहे, हाताचे." ते बरोबर होते. या आघाडीवरचे कितीतरी अमेरिकन शिपाई आपले बिल्ले इथल्याच कारागिरांकडून भरून घेत.

मी विचारले, "आप्पांनी हा कोट कल्याणला कुणा निर्वासित मुलाकडून घेतला, असे घरात सांगत. तुमच्यापैकीच कुणी असेल?"

ते म्हणाले, "शिकारपूरहून बोटीने आलो तेव्हा मी आईच्या कडेवर होतो. वडिलांनी पहिल्या वर्षी मिळेल ते विकले. कोटही विकले असतील. पण हाच विकला, असे खोटे कशाला सांगू?" बाही शिवून त्यांनी कोट घडी करून दिला. पैसे घेतले ते बाहीचे. बिल्ला उघडल्याचे घेतले नाहीत.

परतीच्या गाडीने मी अंबरनाथला उतरलो. आत्याकडे जायचे होते, पण पाय आधी देवळाकडे वळले. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा काळ सांगणारा शिलालेख या शिवालयात आहे; शिलाहार राजा माम्वाणीच्या कारकिर्दीतले हे काम. वालधुनीच्या काठी काळ्या दगडात कोरलेल्या या मूर्ती लहानपणापासून पाहत आलो. राजाचे नाव नऊशेहून अधिक वर्षे राहिले. मूर्ती घडवणाऱ्यांचा हात तेवढा उरला, नावे नाहीत. माझ्या पिशवीतल्या कोटाचीही तीच तऱ्हा होती. टाके होते, नाव नव्हते.

आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. डोळ्यांना कमी दिसते, पण स्मरण चोख. बिल्ला तिच्या तळहातावर ठेवला, तशी ती बोटे फिरवून म्हणाली, "अरे, हा अजून आहे होय! माईने माझ्यादेखत काढला होता. मी सहा वर्षांची होते. मी म्हटले, मला खेळायला दे. तर म्हणाली, परक्याचे बिरूद आपण मिरवू नये आणि उकिरड्यावरही टाकू नये. ज्याचे त्याच्या छातीशी राहू दे. म्हणून आत शिवला."

"आत्या, पण कोण कुठला अमेरिकन! माईने त्याच्यासाठी जन्मभर दिवा लावावा, हे नवल नाही?"

आत्या बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुला मामांचे ठाऊक नाही वाटते? माईला धाकटा भाऊ होता. साताऱ्याकडचे आमचे आजोळ. तो पलटणीत कारकून म्हणून गेला आणि सिंगापूरला पोहोचला. सिंगापूर पडले, त्यानंतर पत्र नाही, तार नाही. गेला असे कुणी सांगितले नाही आणि आहे असेही नाही. त्याची पेटी नाही आली, सदराही नाही आला. आणि आप्पांनी पाच वर्षांनी दुसऱ्याच कुणा शिपायाचा कोट आणून खुंटीला लावला. माई म्हणायची, याच्या घरी कुणी बहीण असेल तर ती माझ्यासारखीच वाट पाहत असेल."

भाऊबीजेच्या चंद्राचा अर्थ मला त्या वेळी लागला.

आत्याचा नातू संगणकाच्या व्यवसायात आहे. त्याने आधी कोटाची बाजारातली किंमत काढली. "काका, चांगल्या अवस्थेतल्या अशा कोटाला शेकडो डॉलर मिळतात. अमेरिकेत आणि जपानात शौकीन फार." पण आजीचे बोलणे त्यानेही ऐकले होते. त्यामुळे किंमत बाजूला ठेवून तो कोटवाल्याच्या शोधाला लागला, आणि पुढचे आठ दिवस आम्ही दोघांनी रात्री जागवल्या.

हा शोध कसा करतात ते थोडक्यात सांगतो. अमेरिकन शिपायाचा क्रमांक बहुधा आठ आकडी असे. पहिला आकडा एक असला तर तो स्वखुशीने भरती झालेला, तीन असला तर सक्तीच्या भरतीतला. भरतीच्या वेळी केलेल्या सुमारे ९० लाख नोंदी अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने सर्वांना खुल्या केल्या आहेत. त्यात नाव, क्रमांक, राज्य, जिल्हा, जन्मसाल, शिक्षण, धंदा एवढी माहिती मिळते. आता हिशेब करा. शेवटच्या चार आकड्यांच्या जोड्या १०,०००. म्हणजे प्रत्येक जोडीला सरासरी ९०० माणसे. त्यांत 'एच'ने सुरू होणाऱ्या आडनावांची साठ-सत्तर. आमच्या यादीत त्रेसष्ट निघाली. कोणी शेतमजूर, कोणी ट्रकचालक, कोणी कारकून. एकजण शाळामास्तरही होता, आणि खरे सांगायचे तर तोच आमचा असावा, अशी माझी उगीचच इच्छा होती.

त्रेसष्टांतून एक निवडायचा तर प्रत्येकाची सेवापुस्तिका पाहायला हवी. कोण भारतात होता ते तिथे कळेल. पण १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईस इथल्या अभिलेखागाराला आग लागली आणि १ कोटी ६० लाखांहून अधिक सेवापुस्तिका जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात लष्करातून सुटलेल्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांचे कागद त्यात गेले, आणि त्यांच्या नकला केलेल्या नव्हत्या. आमची ट्रंक पाण्याने धुतली, त्यांचे दप्तर आगीने. एवढे झाल्यावर हाताशी उरली ती त्रेसष्ट नावे. ती बहुतेक परक्या कुटुंबांतली साधी माणसे. त्यांचे नातलग आजही असतील. म्हणूनच ते आकडे मी छापले नाहीत.

पण माईचा प्रश्न नावाचा नव्हताच. माणूस घरी पोहोचला का, एवढाच होता. त्याचे उत्तर शोधायला मात्र एक साधन होते. अमेरिकन युद्धखात्याने १९४६ च्या जूनमध्ये मृत आणि बेपत्ता सैनिकांची यादी राज्यवार व जिल्हावार छापली. तिच्यात नावापुढे क्रमांकही आहेत. त्रेसष्ट माणसांचे जिल्हे आम्हाला ठाऊक होते. एकेक जिल्हा काढून एकेक नाव ताडून पाहिले. दोन नावे त्या यादीत सापडली. एकसष्ट सापडली नाहीत. शिवाय, हा कोट डिस्पोजलच्या मालात आला. घरी जाणाऱ्यांनी जमा केलेल्या कपड्यांतलाच तो असण्याचा संभव अधिक. भरतीची काही कार्डे वाचताच आलेली नाहीत आणि अधिकारी त्या यादीत नाहीत, हे खरे. तेव्हा छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण कोटवाला बोटीत बसून घरी गेला, असे म्हणायला पुष्कळ जागा आहे. आप्पा माईला चेष्टेने हेच सांगत असत.

हे झाल्यावर नातू म्हणाला, "काका, परक्याचा शोध केला, आपल्या माणसाचा का नाही?"

मला शरम वाटली. राष्ट्रकुलातल्या युद्धमृतांची नोंद ठेवणारे एक मंडळ आहे. सिंगापूरच्या क्रांजी इथल्या स्मारकावर, ज्यांना थडगे नाही अशा २४,००० हून अधिक माणसांची नावे त्याने कोरून ठेवली आहेत, आणि त्यांत हिंदी सैनिक पुष्कळ आहेत. ती यादीही घरबसल्या पाहता येते. अनेक नावांपुढे बापाचे नाव आणि गाव दिलेले असते. आम्हाला मामांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव आणि गाव आत्याने सांगितलेच होते. अर्ध्या तासात नोंद सापडली. नाव बरोबर, बाप बरोबर, गाव बरोबर, जिल्हा सातारा. इंग्रजी अक्षरजोडणी थोडी वाकडी होती, इतकेच. ज्या माणसाची बातमी माईने जवळजवळ पन्नास वर्षे वाट पाहूनही ऐकली नाही, त्याचे नाव सिंगापूरच्या दगडावर कोरलेले होते, आणि आमच्यापैकी कुणी ते पाहिले नव्हते.

आत्याला वाचून दाखवले. तिने गावाचे नाव पुन्हा वाचायला लावले. मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "बरे झाले. आता निदान श्राद्धाला नाव घेता येईल."

त्या वर्षी धनत्रयोदशीला सगळे बदलापूरच्या घरी जमले. सौ.ने कणीक मळताना आत्याला विचारले, "आत्या, दिवे किती करू?" मला वाटले, आता एकच पुरे, मामा गेल्याचे कळले, आणि कोटवालाही घरी पोहोचला असावा. पण आत्या म्हणाली, "दोनच कर. ते एकसष्टजण घरी गेले असतील, तर चांगलेच झाले. पण उरलेल्या दोघांच्या बहिणींनी कुणाला ओवाळले असेल?"

दोन दिवे लावले. कोट मी कोरड्या कापडाने पुसला, बिल्ला पुन्हा होता तिथे आतून शिवून घेतला, आणि एका कागदावर दोन्ही मालकांविषयी जे कळले ते लिहून तो कागद कोटाच्या खिशात ठेवला. वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत असा एखादा जुना लष्करी कपडा असेल, तर बोहारणीला देण्याआधी एकदा कॉलरच्या आत आणि कमरपट्टीच्या मागे बघावे. चार आकडे दिसले तर तिथे एक माणूस आहे, असे समजावे. आणि तो सापडला नाही तरी शोधता शोधता आपलेच कुणी सापडण्याचा संभव असतो.

कोट त्या रात्री कुठे ठेवायचा, हा प्रश्न निघाला. बाहेरच्या खुंटीची आठवण सगळ्यांनाच होती. आत्या म्हणाली, "बाहेर कशाला? इतकी वर्षे झाली. आत घ्या त्याला." मी कोट उचलला आणि उंबरा ओलांडून आतल्या खोलीतल्या खुंटीला लावला.